थेट मेढ्याचा घेवडा

...न्हाई, मला एक सांगा, मधला माणूस नको म्हंजे काय? आं? मी काय रस्त्यात पडलेला धोंडा हाय का, मधी आला म्हणून उचलून बाजूला टाकला? तुमास्नी सांगतो, मी धरणेंद्र, माधवनगरचा, मेढ्याच्या डोंगरातनं घेवडा, पावटा, हुलगा गोळा करायचा आन् सांगलीच्या पेठेत आणून विकायचा, ह्योच आमचा धंदा, वडलांपासनं! आता त्यात नफा खात न्हवतो असं मी म्हणत न्हाई, खात हुतो की! पण आमी जैन माणसं, जे काय खायचं ते दिवसाउजेडी, सगळ्यांच्या देखत!

आन् मधला माणूस नको म्हणणारा कोण? परका असता तर सोडून दिलं असतं. आमचाच सम्मेद! पोटचा पोरगा! पुण्याला ठेवला, शेतीतली पदवी घेतली, आन् लागला कुठं, तर एका कंपनीत, जी म्हणती आमी बारक्या शेतकऱ्याकडनं थेट कडधान्य घेतो आन् थेट गिऱ्हाइकाच्या दारात देतो. दसऱ्याला घरी आला तो अंगात हिरवागार टी-शर्ट, आन् पाठीवर हे एवढ्या अक्षरांत, ‘मधला माणूस नको!’ आन् तसाच माझ्या पाया पडायला वाकला! आता वाकल्यावर पाठच वर येणार न्हवं? मी आशीर्वाद देऊ का वाचू?

झालं. तवापासनं बापलेकाचं बोलणं बंद. तो बी घरातनंच काम करणारा, कंपनीच्या गाडीतनं हिंडायचं आन् जेवायला घरी यायचं. समोरासमोर दोन ताटं, आन् मधी आमची गुणमाला वाढायला. मी म्हणायचो, ‘सांग तुज्या लेकाला, घेवडा काय मोबाईलवर वाळत न्हाई.’ ती तिकडं तोंड करून, ‘बाळा, अण्णा म्हणत्यात घेवडा मोबाईलवर वाळत न्हाई.’ तो भाकरी मोडत, ‘आई, अण्णांना सांग, जग बदललंय, शेतकऱ्याला ट्रान्सपरन्सी हवीय.’ ही परत इकडं वळून, ‘आवं, शेतकऱ्याला ट्रान्सफर पायजे म्हणं!’ मी म्हटलं, कुठं? मेढ्यातनं कुठं ट्रान्सफर करतोस रं त्यांची?

आन् गेला की मेढ्याला! माझ्याच लोकांत! देवळाच्या मंडपात मीटिंग घेतली, मला सगळं लीलाबाईनं फोनवर सांगितलं. लीलाबाई म्हंजे मेढ्याच्या वरच्या अंगाला राहती, डोंगरउतारावर टीचभर वावर, पण घेवडा असा काढती, गुलाबी दाण्यावर तांबडे पट्टे, वंजळीत घेतला की खाली ठेवू वाटत न्हाई. तर हा उभा ऱ्हाऊन म्हणतो कसा, ‘ताई, आजपासून तुमच्या आणि आमच्यामध्ये कोणीही नाही!’ लीलाबाई म्हणती, ‘व्हय रं बाळा, पण मधी ह्यो एवढा चढ हाय, त्याचं काय करतोस?’ मंडप हसला. पर भाव बरा हुता कंपनीचा, खोटं कशाला बोलू? सगळ्यांनी माल कबूल केला. आन् वर मलाच म्हणती, ‘अण्णा, रागावू नगासा, तुमच्याच लेकाला देतोय, घरातल्या घरातच हाय की!’ घरातल्या घरात! घरात आमचं ‘मीठ दे’ सुदीक बायकोच्या मार्फत चाललंय, आन् ही म्हणती घरातल्या घरात!

...आन् मग आला परतीचा पाऊस. शेंगा उपटून, बडवून, खळ्यावर दाणा तयार, आन् भरल्या उन्हात असा कोसळला की ताडपत्री हुडकेपतूर रास न्हाऊन निघाली. दुसऱ्या दिवशी कंपनीची गाडी आली, माणूस उतरला, राशीत मशिन खुपसलं आन् म्हणला, ‘ओलावा जास्त आहे. सिस्टिम घेत नाही.’ चढला गाडीत आन् गेला! सिस्टिम! आता मधला माणूस असता तर त्याला चार शिव्या तरी देता आल्या असत्या, सिस्टिमला काय देणार?

ऱ्हायला एकटा सम्मेद. भोवती सगळ्या बायाबापड्या, लीलाबाई राशीवर लुगडं पसरून बसलेली. ओला घेवडा फुगला की गेलाच, कोंब तरी येतो न्हाई तर बुरशी तरी, हे सगळ्यांच्या तोंडावर लिवलेलं. पोरानं पुण्याला फोन लावला, तर साहेब म्हणले, ‘पॉलिसी आहे, सम्मेद.’ मग त्यानं घरी लावला. मला न्हवं हां! आईला!

ती कणीक मळत हुती, मी शेजारीच चहा पीत हुतो, तिकडनं आवाज ऐकू येतोय, ‘आई, अण्णांना जरा विचार ना, ओला घेवडा वाळवायचा कुठं?’ आन् गुणमाला, जिचा आवाज शेजाऱ्यानं कवा ऐकला न्हाई, ती अशी कडाडली, ‘विचारत न्हाई! मधला माणूस नको न्हवं तुमास्नी? मग ह्या घरात दसऱ्यापासनं मी कोण हाय? ह्याचं त्याला आन् त्याचं ह्याला! माझं कुणाला सांगू? आजपासनं बंद!’ आन् पिठाच्या हातानं फोन माझ्या कानाला थापला! थापला म्हंजे, भाकरी थापती तसा!

तुमास्नी सांगतो, दसऱ्यापासनं मी वाक्यं जुळवून ठेवली हुती. पोरगं एक दिस तोंडावर पडंल, तवा हे बोलायचं, मग ते बोलायचं... अशी धार लावून ठेवली हुती! आन् तिकडनं नुसतं ‘अण्णा...’ आलं. पोराचा आवाज असा मी त्याच्या लहानपणीच्या तापात ऐकला हुता. सगळी वाक्यं कुठं गेली कुणास ठाऊक. म्हटलं, ‘जेवलास का?’ म्हणतो, ‘नाही.’ म्हटलं, ‘लीलाबाईचा माल?’ म्हणतो, ‘सगळा भिजला.’ म्हटलं, ‘रडू नगंस. मशेरी लावल्यागत तोंड करून उभा ऱ्हाऊ नगंस. रास फोड, पसर, मी निघालो.’

मेढ्यात आमचा नानासो हाय, मंगल कार्यालयवाला. त्याला लावला, ‘नानासो, हॉल मोकळा हाय?’ ‘हाय की अण्णा! कुणाचं लगीन?’ म्हटलं, ‘घेवड्याचं! सम्मेद माल घेऊन येतोय, पंखे लावून ठेव!’ टेम्पो काढला, ताडपत्र्या टाकल्या आन् दुपारच्याला मेढा गाठला. बघतो तर काय, वर ‘शुभविवाह’ची पाटी, सगळे पंखे गरागरा चाललेत, आन् नवरानवरीच्या खुर्च्यांपासनं पार पंगतीच्या हॉलपतूर घेवडाच घेवडा! आन् मधी आमचा पदवीधर, पँट गुडघ्यापतूर दुमडून, हातानं माल उलटापालटा करतोय. मी शेजारी बसलो. तो जरा सरकला. मग चार हात चालले.

दिवस कलायला लागला तशी लीलाबाई ताट घेऊन आली. ‘आवं अण्णा, दिस बुडायच्या आत दोन घास खावा. पिठलं हाय, कांदा-लसूण काय न्हाई त्यात.’ सम्मेद बघतच ऱ्हायला, ‘काकू, तुम्हाला कसं माहीत?’ ती म्हणली, ‘तुज्या आज्याला आमच्या सासूनं असंच वाढलंय की रं! तू बी बस. का तुला सिस्टिम जेवू घालती?’

खालचा थर गेला, ते काय वाचलं न्हाई. बाकी सगळा वाळला. कंपनीची गाडी परत आली, मशिन खुपसलं, सिस्टिम खूश! मागनं पुण्याचा साहेब स्वतः आला, हॉलचे फोटो काढले आन् मला म्हणतो, ‘काका, तुम्ही मधले माणूस नाहीच! तुम्ही आमचे ग्रामीण समन्वयक!’ कार्ड छापलं माझ्या नावाचं! काम काय, तर मेढ्याला जायाचं, घेवडा गोळा करायचा, वाळवायचा, आन् गाडीत भरायचा. ...मग मी आजपतूर काय करत हुतो वो?

असू दे. आता मी आन् सम्मेद एकाच कंपनीत, रोज सकाळी ओसरीवर बसून थेट बोलतो. माल कुणाचा आदी उचलायचा, पोती कुठली, ओलावा बघायला मशिन खरं का दाणा चावून बघणारा माझा दात खरा... इतकं थेट बोलतो, इतकं थेट, की परवा शेजारचे आकाराम भिंतीवरनं डोकावून म्हणले, ‘अण्णा, मी मधी पडू का?’

काय करायचं? म्हटलं, या. च्या झालाच हाय.