सुरणाची भाजी

"शौचाला रक्त पडतं," असं बाबा एकदा फोनवर हळूच म्हणाले होते. "सुरण खा," म्हणून मी विषय संपवला होता.

काल लेकीला मांडीवर घेऊन ओरोसच्या एसटीत बसले होते. पुढच्या सीटवर एक नवरा-बायको. नवरा आपल्या रक्त पडण्याबद्दल बायकोला सांगत होता.

"मूळव्याध ती. सुरण खाल्लंय की बरा वाटता."

"माझ्या भावानसुदा दोन वर्सां सुरणच खाल्ल्यान. मगे आतड्याचो कॅन्सर गावलो."

"पण माका खंय दुखता?"

"तेका तरी खंय दुखत होता?"

"आणि डॉक्टर मागसून दुर्बीण घालतलो! लाज नाय वाटाची?"

"लाज माझ्याकडे ठेवा. ती सांबाळीत मी भायर बसतंय, तुमी आत जावा."

उतरल्याबरोबर मी बाबांना फोन लावला. तुमच्या घरी कोण गुपचूप सुरण खातंय, ते आजच विचारा.