दत्तूचं जन्मसाल

घाबरणं म्हणजे काय, ते मला विचारा. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस होते. आमच्या परळच्या चाळीतला दत्तू लेखनिक घेऊन मॅट्रिक झाला. लहानपणी देवी येऊन त्याचे डोळे गेले होते. गिरगावातल्या कॉलेजचा फॉर्म त्यानं सांगितला आणि मी लिहिला. माझ्या हातून अक्षरं, आकडे उलटेपालटे होतात, हे मी त्याला सांगितलं नव्हतं. शाळेत त्यापायी खूप मार खाल्ला होता.

फॉर्म देण्याचा शेवटचा दिवस होता. कारकुनानं वाचता वाचता चष्मा काढला.

“जन्मसाल एकोणीसशे त्र्याण्णव? हा मुलगा अजून जन्मायचाय की काय? कुणी लिहिलं हे?”

मी ३९ चे ९३ केले होते. आणखी काय काय चुकलं असेल? दत्तूचं कॉलेज माझ्यामुळे बुडालं!

“साहेब, मी तोंडी सांगतो, तुम्ही दुरुस्त करा,” दत्तू म्हणाला.

कारकुनानं आम्हा दोघांकडे पाहिलं आणि एकेक रकाना मोठ्यानं वाचला. चार चुका निघाल्या. त्यानं स्वतः त्या दुरुस्त केल्या आणि शिक्का मारला.

बाहेर आल्यावर मी रडकुंडीला येऊन म्हटलं, “दत्तू, मला नीट लिहिता येत नाही रे.”

“ठाऊक आहे. वाचताही येत नाही. दोन वर्षं मला धडे वाचून दाखवलेस, एकेक ओळ तीनतीनदा अडखळत.” तो हसला. “म्हणून तर माझं सगळं पाठ झालं!”