मापाचं सिंक

धरणगावच्या स्टँडवर जळगावच्या बसची वाट बघत इसाक गवंडी आणि त्यांचे जुने दोस्त चिंधा आबा माझ्या मागच्या बाकावर बसले होते.

"इसाकभाऊ, सितारावहिनीसाठी घरी सिंक बांधलं म्हणे?"

"बांधलं ना आबा. मोरीत बसून भांडी घासून सिताराचे गुडघे गेले. तीस वर्षं लोकांचे ओटे बांधले, म्हटलं आता घरचं बघू."

"स्टीलचं तयार आणायचं की!"

"गवंड्याच्या घरात विकतचं? साचा केला, सळई टाकली, काँक्रीट ओतलं. आठ दिवस पाणी मारलं. पॉलिश तर असं केलं, की तोंड दिसावं."

"मग झकास झालं!"

"झकासच. सितारा घासायला उभी राहिली, तर कड तिच्या छातीला लागली."

"अरे! माप नाही घेतलं?"

"घेतलं ना. माझ्या कमरेचं."

"मग फोडा आणि खाली घ्या."

"दोन दिवस हातोडा मारला. माझंच काम, फुटतंय कुठं!"

"मंग आते भांडा कोन घासस?"

"ज्याच्या मापाचं आहे तो. ती शेजारी खुर्ची टाकून बसते. काल कढई परत दिली मला. म्हणे, बूड काळंच राहिलं."