शुक्रवारची रजा

कस्तुरबा गांधी मार्गावरच्या गेस्ट हाउसमध्ये जेवणाच्या रांगेत माझ्यापुढे एक रिटायर्ड गृहस्थ आणि त्यांची मुलगी उभे होते. दिल्लीत मराठी कानावर पडली की माझी भूक थोडा वेळ थांबते.

"इशिता, हा घे अर्ज."

"कसला?"

"शुक्रवारची रजा हवीय."

"बाबा, आपण दोघंच आहोत! वेताच्या खुर्च्या मी विणते, फोन तुम्ही घेता. नुसतं सांगा ना यार."

"छत्तीस वर्षांत मी तोंडी रजा घेतलेली नाही."

"अच्छा, द्या. पण कारण लिहिलंच नाहीये."

"खासगी आहे."

"मालकीण विचारतेय."

"ऑफिसातल्या जुन्या मंडळींचं जेवण आहे, फरीदाबादला."

"मग त्यात लपवायचं काय?"

"तू बँक सोडलीस हे त्यांना ठाऊक नाही. दोन वर्षं मी तुझी प्रमोशनंच सांगतोय."

"बाबा! कुठपर्यंत पोचले मी?"

"रीजनल मॅनेजर आहेस."

"बापरे. आणि शुक्रवारी?"

"शुक्रवारी सांगणार, मुलगी खुर्च्या विणते आणि मी तिच्याकडे नोकरीला आहे. अशी बघतेस काय? सही कर."

"रजा नामंजूर."

"अगं, पण..."

"कामावर म्हणून जा. आपली कार्डं न्या आणि सगळ्यांना वाटा."

"म्हणजे ऑन ड्यूटी?"

"बिल्कुल."

"मग हा अर्ज चालायचा नाही. आण इकडे. टूरचा वेगळा लिहून देतो."