राणीला दिलेली धुरी

हौसा माझं नाव. माहेर आटपाडीच्या पुढं, जिथली माती उन्हाळ्यात तव्यासारखी तापते आणि वाऱ्याला धुळीची चव असते. आम्ही मेंढरांची माणसं. माझ्या अंगाला लोकरीचा वास होता, तो साताऱ्याच्या साबणानं गेला, पण अजून कुणाचं घोंगडं नाकाशी आलं की मी वास घेत उभी राहते. बोलणं म्हणाल, तर तीन वर्षं इथं सांगलीच्या विश्रामबागला, मुलींच्या वसतिगृहात, शिकलेल्या बायांच्यात वावरून माझी बोली धुतल्यासारखी झाली आहे. राग आला की मात्र ती तिकडचीच येते, आणि ही गोष्ट सांगताना मला राग येणार हाय, हे आधीच सांगून ठेवते.

नवऱ्याचं नाव मी घेत नाही. रीत म्हणून नव्हे, तोंड कडू होतं म्हणून. पूर्वी अहो-जाहो करत होते, चारचौघींसारखी. आता तो म्हणते. लिहून घेताना तुम्हाला खटकलं तर खटकू द्या, बाई.

लग्नात मी एकोणीस वर्षांची होते, आमच्यात ते उशिराचंच. दुसऱ्या दिवशी माझी भाकरी करपली, तर त्यानं ताट असं भिरकावलं की ते अंगणभर वाजत गेलं आणि वाघरातल्या, जाळीच्या कुंपणातल्या, मेंढ्या उठून उभ्या राहिल्या. सहा महिन्यांनी तो पलटणीत गेला. मग चार वर्षं मी, सासू आणि मेंढरं. त्याचं एक पत्र आलं नाही मला. आईला यायचं, त्यात शेवटी लिहिलेलं असायचं, मेंढरं बरी असतील. मेंढरांची चौकशी होती, माझी नव्हती. मी ते पत्र वाचून घ्यायला मास्तरांच्या दारात बसायचे आणि शेवटची ओळ आली की उठायचे.

लढाई संपली, तो आला. सातारला एका कचेरीत शिपाई म्हणून लागला, दोन खोल्या घेतल्या, मेंढरं दिराकडं सोडून आम्हा दोघींना बोलावून घेतलं. मी ट्रंक डोक्यावर घेऊन उंबऱ्यात उभी, आणि पडवीत काय, तर तारेचा पिंजरा. आत दोन पाखरं. पोपटाच्या जातीची, पण चिमणीपेक्षा थोडी मोठी, एवढीशीच. एक हिरवं, कोवळ्या ज्वारीच्या पानासारखं, डोकं पिवळं, पाठीवर काळ्या बारीक लहरी, जणू कुणी पाण्यावर फुंकर घातली आणि ती लहर तिथंच राहिली. दुसरं निळं, पहाटेच्या आभाळाचं. छावणीत ज्या गोऱ्या कप्तानाची तो चाकरी करायचा, तो साहेब विलायतेला परत जाताना ही जोडी त्याला देऊन गेला होता. आळीतल्या बाया म्हणायच्या विलायती राघू. त्यानं नावं ठेवली होती, हिरवा तो जमादार आणि निळी ती राणी. मला मात्र तो नाव घेऊन हाक मारत नव्हता. दारातून पाय आत टाकला की ओरडायचा, कुठं मेलीस गं? तीच माझी हाक.

काय सांगू तुम्हाला, त्या पाखरांना माणसाळवताना मी त्याला पाहिलं आहे. तळहातावर चिमूटभर राळं, ते बारीक पिवळं धान्य, घ्यायचा, हात पिंजऱ्यात घालायचा आणि दगडासारखा बसायचा. हाताला मुंग्या यायच्या, डास चावायचे, तरी हलायचा नाही. पाखरं कोपऱ्यात धडपडायची, तर तो हळू शीळ घालायचा, इतकी मऊ की मला वाटायचं हा आवाज ह्याच्याच गळ्यातून येतो का. पंधरा दिवसांनी जमादारानं एक दाणा टिपला. महिन्यानं हातावर बसला. मग बोट छातीला अलगद टेकवायचं, पायांच्या जरा वर, की पाखरू आपण होऊन बोटावर चढतं. दीड महिना लागला ह्या माणसाला, आणि त्यानं तो दिला. मी चुलीपाशी बसून बघत होते. माझ्या एका करपल्या भाकरीला त्यानं अर्धा दिवस दिला नव्हता.

करायचं सगळं मी. पिंजरा खरवडायचा मी, पाणी दोनदा बदलायचं मी, राळं पाखडायचं मी, कोथिंबिरीची काडी, काष्ठौषधीच्या दुकानातला समुद्रफेस चोच घासायला, तेही मीच आणायचं. उन्हं कलली की त्याच्या पलटणीच्या जुन्या कांबळ्यानं पिंजरा झाकायचा, सकाळी काढायचा. हे सगळं त्यानं मला हुकूम सोडल्यासारखं सांगितलं होतं, दहा गोष्टी, बोटं मोजून. एक गोष्ट मात्र त्यानं सांगितली नाही, कारण साहेबाच्या बंगल्यात पाखरांच्या आसपास चूल नव्हती, त्यामुळं ती त्यालाच ठाऊक नव्हती. ती पुढं येईल.

एकदा तो कचेरीतल्या साहेबाबरोबर फिरतीवर दोन दिवस गेला. सासू म्हणाली, वाटी भरल्याली हाय, नगं घालूस, माजल्याती पाखरं. मी वाकून बघितलं. वाटी काठोकाठ, पण रंग वेगळा, फिका. मी फुंकर मारली, तर सगळं उडालं, नुसता कोंडा. ही पाखरं दाणा सोलून खातात आणि टरफल तिथंच टाकतात. वाटी खालून रिकामी आणि वरून भरलेली. जन्मभर सूप हातात असलेल्या बाईला ते कळायला पाहिजे होतं, सासूलाही, पण तिला बघायचंच नव्हतं. मी मूठभर राळं घातलं. दोघं अशी तुटून पडली, आणि तो बारीक आवाज, कट् कट् कट्, वाळूवर सर आल्यासारखा, तो ऐकत मी पहिल्यांदा पिंजऱ्यापाशी काम नसताना बसले. तो आला, पाखरं बघितली, म्हणाला, आये, तुझ्या हाताखाली कशी तुकतुकीत झाली बघ. सासू म्हणाली, व्हय बाबा, जीवच लावते मी. मी भांडी घासत होते.

मग जमादार बोलायला लागला. पहिला शब्द काय? कुठं मेलीस गं? अगदी त्याच्या आवाजात, तीच खरखर, तोच शेवटी चढणारा सूर, फक्त चिमुकला, बारक्या शिशीत कोंडल्यासारखा. ते ऐकून तो इतका हसला की खाली बसला. आळी गोळा केली. आवं या, ऐका, माझा जमादार बायकूला हाक मारतुया. बाया पदर तोंडाला लावून हसल्या. तेव्हापासून तो घरात नसला तरी माझी सुटका नव्हती. मी हातातलं टाकून पडवीत धावायचे आणि तिथं कुणी नसायचं, एवढंसं हिरवं पाखरू मान तिरकी करून माझ्याकडं बघत असायचं. शेजारीण म्हणायची, हौसे, दोन दादले झालं गं तुला. मी हसायचे. तोंडानं.

मी त्या पाखराचा दुस्वास केला, खोटं कशाला बोलू. पण राणीचा केला नाही. राणी बोलायची नाही.

त्यानं पिंजऱ्यात भोक पाडलेलं मडकं बांधलं, राणी त्यात जाऊन बसली. चार अंडी, चिंचोक्याहून थोडी मोठी, पांढरीशुभ्र. घरात सण आल्यासारखं झालं. सासू सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, पाखराला झाली, आमच्या घरात माणसाला हुईना. मी म्हणाले, आत्याबाई, चार वर्सं तुमचा ल्योक दुसऱ्या मुलखात, पोर काय टपालानं येणार हुतं? तिनं चुलीतलं लाकूड उचललं. तो मध्ये पडला नाही. पिंजऱ्याला धक्का लागू नये म्हणून तेवढा हात आडवा धरला त्यानं.

आता नीट ऐका, बाई, कारण पुढचं मी ज्याला ज्याला सांगितलं त्यातल्या कुणीच मानलं नाही.

राणी मडक्यातून दाणे खायला यायची तेव्हा मान खाजवायची, सारखी. मानेवरची पिसं गेली, गुलाबी कातडी दिसायला लागली. पाखरं बसायची ती दांडी मी काढून उन्हात धरली तर खाचेत तांबडे किडे, कुंकवाच्या कणाएवढे, हलणारे. मी सकाळी त्याला सांगितलं, राणीच्या अंगावर किडं झाल्याती. तो टोपी घालत होता. म्हणाला, तुला काय कळतंय त्यातलं? मेंढरं न्हवत ती. आणि गेला.

मेंढरं नव्हेत. पण मला येत होतं ते मेंढरांचंच. कोकराला गोचीड लागली, अंगावर किडे झाले की आमच्यात धुरी देतात. फुटक्या खापरीत गोवरीचा निखारा, वर ओला कडुलिंब, धूर पांढरा आणि दाट झाला की कोकरू घोंगड्याखाली घ्यायचं आणि शंभर मोजायचे. माझ्या बापानं दिली, त्याच्या बापानं दिली, मी स्वतः शेकडो कोकरांना दिली आहे, आणि सोडल्यावर ती उड्या मारत आईकडं जातात. दुपारची वेळ, सासू शेजारी गेलेली. मी कडुलिंबाची डहाळी मोडून आणली. खापरी पिंजऱ्याखाली ठेवली, वरून कांबळं सोडलं. पाखराचा जीव बारका म्हणून मी पन्नासच मोजले. बाई, पन्नासच. मोजताना मी म्हणतसुद्धा होते, थांब गं राणी, आत्ता बरं वाटंल तुला. लग्न झाल्यापासून त्या घरात मी कुणाशी असं बोलले नव्हते.

कांबळं उचललं. जमादार वरच्या कोपऱ्यात, जिथं कांबळ्याची फट राहिली होती तिथं तारेला लटकलेला, चोच उघडी, छाती धपापत. मडक्यात आवाज नाही. धूर मडक्यात शिरला होता आणि ती अंडी सोडून बाहेर आली नव्हती. ह्या पाखरांना धूर सोसत नाही, हीच ती मला कुणी न सांगितलेली गोष्ट. मी हात घालून काढली. ऊन होती. वजन कळावं म्हणून हात वर-खाली केला, तरी कळलं नाही, एवढी हलकी. माझ्या हाताला कडुलिंबाचा वास, तिच्या पिसांना तोच वास. जमादार वरून बघत होता, आणि त्या दिवशी तो बोलला नाही.

संध्याकाळी तो कचेरीतून आला. मी लपवलं नाही, राणीला पाटावर फडक्यात ठेवलं होतं. म्हणाले, धुरी दिली, किड्यांसाठी, कोकरांना देतो ती. त्यानं ऐकलं नाही असं नाही, ऐकलं. मग म्हणाला, जळलीस तू. चार अंडी बघून जळलीस. सासू म्हणाली, मी म्हणतच हुते, हिची नजरच तसली. मी म्हणाले, आवं, मारायचंच असतं तर राळं बंद केलं असतं, दोन दिसांत गेली असती, कोंडा कुणी फुंकला मागल्या खेपंला, इचारा तुमच्या आईला. सासूनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. तो रडला, बाई. मी त्याला रडताना एकदाच पाहिलं, ते एका पाखरासाठी, आणि त्या वेळी मला त्याची दया यायच्या ऐवजी अंगाचा भडका झाला.

सकाळी माझं गाठोडं दारात. मी कचेरीतनं परत यायच्या आत तोंड काळं कर, म्हणाला आणि गेला. सासू पाण्याला गेली. मी गाठोडं उचललं, आणि पिंजराही उचलला. पाखराच्या मायेनं आणला असं म्हणाल तर ते खोटं. त्याचं काहीतरी न्यायचं होतं मला, त्याला दुखेल असं. जन्मात केलेली एकच चोरी. इथं सांगलीला माझी आत्या ह्या वसतिगृहात स्वयंपाक करायची, तिच्याकडं निघाले. सर्व्हिस मोटारीत पिंजरा पदराखाली धरलेला, आणि कऱ्हाड ओलांडल्यावर आतून आवाज, कुठं मेलीस गं? ड्रायव्हरनं मागं वळून बघितलं. शेजारचे म्हातारबाबा म्हणाले, पोरी, दादल्याला बाहीर तरी काढ, गुदमरंल. सगळी मोटार हसली आणि मी रडले.

दोन महिन्यांनी तो आला. फाटकाशी उभा राहिला. आत्या धावत आली, हौसे, न्यायला आला गं तुला. मी बाहेर गेले. तो म्हणाला, माझं पाखरू दे. एवढंच. मला ये म्हणाला नाही, ते बरंच केलं. मी पिंजरा आणून ओट्यावर ठेवला आणि म्हणाले, हात घाल. बोटावर आलं तर ने.

त्यानं हात घातला. तीच मऊ शीळ घातली. मुली व्हरांड्यात उभ्या. जमादार लांबच्या कोपऱ्यात सरकला, पिसं आवळून काडीसारखा बारीक झाला, आणि मग त्याच्या तोंडाकडं बघत, त्याच्याच आवाजात म्हणाला, कुठं मेलीस गं? एकदा नाही, तीनदा. एक मुलगी खुदकन हसली आणि दुसरीनं तिला गप केलं. त्याचा चेहरा लाल झाला. म्हणाला, हे तूच शिकवलंस त्याला. मी म्हणाले, मी? नीट ऐक. आवाज कुणाचा हाय त्यो?

त्यानं हात बाहेर काढला. फाटकापर्यंत गेला, वळला आणि म्हणाला, तू मारलंस तिला. मी म्हणाले, व्हय. माझ्या हातानं मेली. पण जळून न्हाई मारली, औशीद म्हणून दिलं हुतं. तेवढं मान आणि पाखरू घेऊन जा. पिंजरा तिथंच ओट्यावर होता, माझा हात त्याच्यावर नव्हता. तो उभा राहिला. मग टोपी नीट केली आणि रिकाम्या हातानं गेला. एक शब्द मानण्यापेक्षा त्याला पाखरू सोडणं सोपं वाटलं. तशी माणसं असतात.

आता आत्या नाही, तिच्या जागी मी आहे. डासांसाठी इथं धुरी करतात तेव्हा मी पिंजरा उचलून पार विहिरीपलीकडं नेते आणि वास जाईपर्यंत तिथंच बसते. मुली म्हणतात, हौसाबाई, त्याला एखादा चांगला शब्द शिकवू या. मी शिकवू देत नाही. मला कसं वागवलं हे जसंच्या तसं सांगणारा सगळ्या दुनियेत तोच एक उरला आहे, तो मी पुसून टाकू? आणि राणीला काय झालं तेही त्यानंच पाहिलं, पण त्याला तेवढं बोलता येत नाही.

तुम्ही लिहून घेताय, घ्या. मारली असं लिहा. पण धुरी होती, असंही लिहा, आणि पन्नासच मोजले ते लिहा. एवढं लिहिलंत तर तुमच्या हाताला यश येवो, बाई.

रोज सकाळी मी पिंजऱ्यावरचं फडकं काढते. जमादार अंग फुलवतो, मान तिरकी करतो, विचारतो, कुठं मेलीस गं? मी वाटीतला कोंडा फुंकते, राळं घालते आणि सांगते, हितंच हाय. मेले न्हाई.