काठावरचं घड्याळ

यशवंत : म्हणजे त्या कृष्णविवराच्या काठावर गणित फुटतं, असंच ना? छेदात शून्य येतं, तूच म्हणालीस.

सुचेता : येतं, बाबा. पण आधी उठा बघू. ट्रकवाले भैया दोनदा हाक मारून गेले. तुम्ही खाटेवर बसलात, तर खाट चढवायची कधी?

यशवंत : छेदात शून्य, म्हणजे उत्तर अनंत. टर्बाइन जोडण्यात जन्म गेला माझा. असला आकडा आला की आम्ही मशीन बंद करायचो.

सुचेता : आणि मीटर नाही तपासायचा?

यशवंत : आधी मशीन बंद.

मंदाकिनी : ह्यांचं मशीन गेल्याच महिन्यात बंद झालं, सुचू. तू कॉलेजच्या होस्टेलवर होतीस. सगळ्या वर्कशॉपनं हार घालून, ढोल वाजवत दारापर्यंत आणून सोडलं. दुसऱ्या दिवशी पहाटे कारखान्याचा भोंगा झाला, तर हे डबा घेऊन सायकलवर. मीही पोळ्या लाटून दिल्या. रिटायर झाल्याचं दोघांच्याही ध्यानात नाही.

सुचेता : मग?

मंदाकिनी : गेटवरच्या शंकरनं सलाम ठोकला, पण आत सोडलं नाही. हे तिथंच उभे.

यशवंत : आत जाणाऱ्या पोरांनी बघितलं. त्यांच्या लेखी मी अजून तिथंच उभा असेन. भोपाळात आल्यापासून हाच क्वार्टर, आता तोही सोडायचा. पुढं काही असेल असं वाटतच नाही गं. तुझ्या त्या कृष्णविवरासारखं.

सुचेता : काठ खरा आहे, बाबा. ओलांडला की परत येता येत नाही. पण तिथला अनंत खोटा. लांब उभ्या माणसाच्या घड्याळानं मोजलं म्हणून तो येतो. जो आत पडतो, त्याच्या मनगटावरच्या घड्याळानं मोजा, आकडा अगदी साधा. विवर मोठं असेल तर काठ कधी ओलांडला, त्याचा त्याला पत्ताही लागत नाही.

यशवंत : आणि लांबून बघणाऱ्याला?

सुचेता : तो काठाशी थबकलेला दिसतो. मंद मंद होत जातो.

यशवंत : मग खरं कोणाचं?

सुचेता : दोघांचंही.

यशवंत : एक मशीन, दोन मीटर, दोन आकडे, आणि दोन्ही बरोबर? आमच्याकडे मेमो मिळाला असता.

मंदाकिनी : माझी आई दळताना म्हणायची,
नावेत बसली लेक, काठ सुटला तिला कळेना,
काठी उभी माय, तिची नजर ढळेना.
हेच का गं ते?

सुचेता : असेलही, आई.

यशवंत : आणि पार मधोमध काय असतं?

सुचेता : तिथला अनंत खरा, असं आमचं गणित म्हणतं. कुणाचंही घड्याळ लावा, तो जात नाही.

यशवंत : मग माझा कुठला? काठावरचा, की मधला?

सुचेता : ते मला नाही सांगता येत, बाबा.

(बाहेर ट्रकचं इंजिन सुरू होतं.)

मंदाकिनी : अयोध्या नगरच्या नव्या घरात भोंगा ऐकू येत नाही. परवा मुद्दाम जाऊन, खिडकी उघडून बसले होते. पोळ्या कधी लाटायच्या, ते आता आपलं आपणच ठरवायचं.

यशवंत : मला अजून नीट कळलेलं नाही, सुचू.

सुचेता : मलाही कुठं पुरतं कळलंय?

यशवंत : मग ट्रकमध्ये पुढं बस, माझ्याजवळ. वाटेत सांग.