बुधवारचं शून्य

हॅलो?… बेबाबाई अक्का का? मी साक्षी, जळगावहून… नाही हो, बँकेतून नाही. ओटीपी नकोय मला. पाऊस पाहिजे… जुना पाऊस. तुमच्या अंगणात मोजायचं यंत्र होतं ना, तुमचे यजमान तोतारामभाऊ नोंदी ठेवायचे?… अरेरे. कधी गेले?… मला माहीतच नव्हतं, अक्का.

हो, हो… हवामानाचा अभ्यास करणाऱ्यांकडे हे आकडे जातात. ते आले कुठून, मोजले कोणी, हे शोधायचं काम माझं… हो, पोलिसासारखंच.

अहो ऐका ना. तुमच्याकडे एकोणीस वर्षं दर बुधवारी शून्य पाऊस. आणि गुरुवारी धो धो… बाकी शिरपूर तालुक्यात बुधवारीही पडतो, तुमच्याच गावाला सुट्टी… हसू नका, अक्का. संध्याकाळपर्यंत कारण मिळालं नाही, तर सगळ्या नोंदी बाद… बाद म्हणजे कोणी वापरणारच नाही. एकोणीस वर्षं पाण्यात.

नाही, नाही. भाऊ खोटं लिहायचे असं कुठे म्हणतेय मी?… मग?… बुधवारचा बाजार?… बरं… मिरच्या घेऊन सकाळची पहिली एसटी… पण थांबा. बाजाराला तुम्ही जायच्या. मोजायचे तर भाऊ ना?

काय?… “बठ्ठा पाऊस मीच”… सगळा तुम्हीच मोजायच्या? एकोणीस वर्षं?… भाऊंना काचेच्या मापावरच्या रेघा दिसायच्या नाहीत… ते फक्त रजिस्टरमध्ये उतरवायचे. अगं बाई.

मग शून्य कुणाचं?… तुम्ही जागा कोरी सोडायच्या. न बघता कसं लिहायचं, खरंय… आणि तपासणीचे साहेब कोरा रकाना चालवून घ्यायचे नाहीत, म्हणून भाऊ शून्य मारायचे… म्हणजे बुधवारचं पाणी भांड्यातच राहायचं, गुरुवारी दोन दिवसांचं एकदम मोजायच्या तुम्ही… अक्का, मग पाऊस कुठेच हरवलेला नाही. खूप बरं वाटलं मला.

तुमची वही आहे?… पत्र्याच्या पेटीत? बघा ना, थांबते मी…

हं, बोला… बुधवार कोरा? नक्की?… नातीला फोटो काढून पाठवायला सांगा, आत्ताच.

आता नाव… भाऊंचं खोडत नाही हो. वाचून दाखवते. लिहिणारे, तोताराम. मोजणाऱ्या, बेबाबाई… परत वाचू?… लिहिणारे, तोताराम. मोजणाऱ्या… फक्त शेवटचं वाचू?… बरं. मोजणाऱ्या, बेबाबाई… ठेवते, अक्का.